डोळे उघडून मारलेली बुडी

अंदमानातून परत येऊन तीन महिने झाले. समुद्रपुरात अजूनही भेटेल तो विचारतो, "काय वं सविता, मासे पाह्यले काय रंगीत?" मी "हो, पाह्यले" म्हणते आणि पुढे जाते. एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा एसटीत मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. पण आमच्या तालुक्यात त्यांना मेकॅनिक म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. कुणी विहिरीत, तलावात, नदीच्या डोहात बुडालं की ठाण्यातून बाबांना फोन यायचा. नळी नाही, चष्मा नाही. कमरेला दोर बांधायचा, छातीत दम भरायचा आणि उतरायचं. तीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि ते काम आहे असं कधी म्हटलं नाही. मी इथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यांनी वर काढलेली माणसं आमच्याकडेच यायची. कागदावर सही करायला बाबा ओल्या कपड्यांनी उभे असायचे आणि आम्ही बापलेक एकमेकांकडे बघायचो नाही.

मागच्या हिवाळ्यात मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघत बसले होते. समुद्राखालचा. जांभळी, पिवळी, तांबडी प्रवाळं आणि त्यांतून पोहणारी माणसं. बाबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही.

"हे पान्याखालचं हाय?"

"हो."

"इतकं दिसते?"

मला आधी समजलं नाही ते काय विचारतायत. मग म्हणाले, "मले तं कधी काईच दिसलं नाई. मी डोयेच मिटून जातो. गायात-चिखलात काय दिसते? हातानं चाचपाचं. केस लागले का धराचं."

घोट गिळावा तसं त्यांनी ते सांगितलं आणि दारात थांबलेल्या बैलगाडीवाल्यांशी बोलायला बाहेर निघून गेले. मी मात्र मोबाइल हातात धरून तशीच बसले. तीस वर्षं पाण्यात उतरणाऱ्या माणसाने पाण्याखालचं एकदाही पाहिलेलं नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज टाकला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी बापलेकी बुडा. मी इथंच बरी." पण जवसाची चटणी दोन डबे भरून तिनेच दिली.

बेटावर, पहिला दिवस

विमान, बोट, रांगा हे सगळं सोडून देते. एप्रिल संपत आला होता. वर्ध्याच्या भाजत्या उन्हातून निघालो होतो, त्यामुळे बेटावरची दमट गरमीसुद्धा आम्हाला गार वाटली. स्कुबा शिकवणाऱ्या केंद्राच्या दारात एक बुटकी, उन्हाने रापलेली, तिशीतली बाई हात पुसत उभी होती. आम्हाला बघून ती हसली आणि म्हणाली, "आइए काकू, आइए!"

बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

ही शिउली, आमची शिक्षिका. तिचे आजोबा बंगालातून येऊन या बेटावर वसलेले. बंगालीत काकू म्हणजे काका. आमच्याकडे काकू कुणाला म्हणतात हे मी सांगितल्यावर ती पोट धरून हसली, आणि मग तर तिने ते सोडलंच नाही.

फॉर्म भरायचा होता. वर्ध्याच्या डॉक्टरांचं तब्येतीचं पत्र मी आणलं होतंच. "कहां से?" तिने विचारलं. समुद्रपूर म्हटल्यावर म्हणाली, "फिर तो समुंदर होगा उधर!"

"नाम है सिरफ," बाबा म्हणाले.

"पहले कभी नीचे गए हैं?"

"कुएं में जाता था."

"कुएं में? क्या करने?"

"लाश निकालने."

तिचा पेन थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग तिने हळूच विचारलं, "कितना नीचे जाते थे?"

"चालीस फुट. कभी पचास."

"बिना टंकी के?"

"टंकी तो घर के ऊपर रहती," बाबा गंभीरपणे म्हणाले. शिउलीला हसावं की नाही ते कळेना.

दुपारी छातीभर पाण्यात पहिला धडा झाला. मला पोहता येतं. लहानपणी बाबांनीच पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. पण पहिल्याच मिनिटाला चष्म्यात पाणी शिरलं, नाकातोंडात गेलं आणि मी ठसकत वर आले. समुद्र खारट असतो हे शाळेत शिकले होते, इतका खारट असेल असं वाटलं नव्हतं. मग पुन्हा खाली गेले, तोंडातल्या नळीने श्वास ओढला, आणि तो आला! डोकं पाण्याखाली आणि छातीत हवा. छातीत इतकं धडधडायला लागलं की कानात फक्त तेच ऐकू येत होतं.

पाणी कोमट होतं. बाबा खुशीत होते. "कसं गुनगुनं हाय पानी, आंगोयीले काढल्यावानी." शिउली मात्र म्हणाली, "इस बार ज़्यादा गरम है." आम्ही ते कानाआड केलं.

मग बाबांची पाळी आली. ते गुडघ्यांवर बसून पाण्याखाली गेले. मी बघत होते. बुडबुडे येईनात. अर्धं मिनिट झालं, एक झालं. शिउलीने हाताने खूण केली, श्वास घ्या. बाबांनी अंगठा आणि बोट जोडून "ठीक" दाखवलं, पण बुडबुडा नाही. शेवटी तिने त्यांना खांद्याला धरून वर ओढलं.

"काकू, मरना है क्या? सांस लो!"

"सांस है ना अंदर," बाबा म्हणाले. "पकड़ के रखा है."

दुसरा दिवस

सकाळी शिउलीने एक साधा फुगा आणला. वाढदिवसाला लावतात तसला. आम्ही दोघं बोटीच्या कडेला धरून पाण्यावर तरंगत होतो. ती सहा-सात मीटर खाली गेली, नळीच्या हवेने फुगा भरून गाठ मारली आणि सोडून दिला. स्वच्छ पाण्यातून तो वर येताना दिसत होता. येता येता मोठा होत गेला, आणखी मोठा, आणि आमच्या अगदी तोंडाजवळ येऊन फटकन फुटला.

वर आल्यावर ती म्हणाली, "ये आपका फेफड़ा है, काकू. नीचे हवा दबी रहती है. सांस रोक के ऊपर आओगे तो हवा फैलेगी. कुएं में आप ऊपर से हवा ले के जाते थे, वो अलग बात. यहां नीचे हवा लेते हो. यहां रोकना मना है. एक बार भी."

बाबांनी पाण्यावर पडलेला फुग्याचा तुकडा उचलला. बराच वेळ तो बोटांत धरून होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीस वर्सं दम धरला म्हून वाचलो, माय. आता म्हनते दम धरला तं मरशीन."

त्या दिवशी ते घाबरलेले मी पाहिले. जन्मात पहिल्यांदा. त्यांना खोलीची भीती नव्हती, भीती होती स्वतःच्या छातीची, कारण ती सवयीने बंद व्हायची. शिउलीने युक्ती काढली. वर येताना सारखा "आ" असा आवाज काढत यायचं. दिवसभर बाबा एसटीच्या हॉर्नसारखे "आऽऽऽ" करत पाण्यातून वर येत राहिले. किनाऱ्यावरची माणसं बघत होती. संध्याकाळपर्यंत बुडबुडे आपसूक यायला लागले.

जेवायला मोहरीच्या रश्शातला मासा होता. बाबांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि आईच्या जवसाच्या चटणीचा डबा उघडला. दुसऱ्या घासाला मात्र त्यांनी चटणी बाजूला सारली. शिउलीने ती मागून घेतली आणि नुसती खाल्ली.

तिसरा दिवस: प्रवाळ

या दिवसासाठीच आलो होतो. बोटीने पाऊण तास गेलो. शिउली सारखी सांगत होती, "नीचे बगीचा है, देखना. पंद्रह दिन पहले आई थी मैं." दोराला धरून आम्ही उतरलो. दर मीटरला नाक दाबून कान मोकळे करायचे. पाणी निळं होत गेलं. दहा मीटरवर मी खाली पाहिलं.

सगळं पांढरं होतं.

नजर जाईल तिथवर पांढरं. फांद्या पांढऱ्या, ताटल्या पांढऱ्या, मोठाले गोल दगड पांढरे. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस फुटलेल्या वावराच्या बांधावर उभं राहिलं की दिसतं, तसं. खरं सांगायचं तर मला ते फार सुंदर वाटलं. एवढं स्वच्छ, एवढं उजळ. मला वाटलं, हाच तो बगीचा. मी आनंदाने शिउलीला "ठीक, ठीक" अशी खूण केली.

शिउली हलत नव्हती.

ती पाण्यात नुसती लटकली होती. दोन्ही हात खाली सुटलेले. चष्म्याच्या काचेआड तिचे डोळे मला दिसले, आणि माझा हात तसाच हवेत राहिला म्हणायला हवं, पण हवा नव्हती तिथे. तेव्हा कळलं की हे असं असायला नको होतं. रंगीत मासे होते, चार-दोन, त्या पांढऱ्यातून घर विसरल्यासारखे फिरत होते.

मी बाबांना शोधलं. ते एका पांढऱ्या झाडोऱ्यापुढे होते. कशालाही हात लावायचा नाही असं शिउलीने बजावलं होतं. ज्यांनी पाण्याखाली हातांशिवाय दुसरं काही वापरलं नाही, त्या माणसाने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, आणि डोळे मोठे उघडे. बुडबुडे मात्र नीट येत होते.

आम्ही बोटीवर चढलो. बाबांनी चष्मा काढला.

"हाडकं हाय थे," ते म्हणाले. "मले माहीत हाय हाडकं कशी राह्यते. सारं मरेल हाय."

शिउली टॉवेलमध्ये तोंड घालून रडत होती. तशीच म्हणाली, "मरा नहीं है, काकू."

"क्या?"

"अभी मरा नहीं है." मग तिने सांगितलं. प्रवाळ हा जीव आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. रंग त्याचा, अन्नही तेच देतं. पाणी फार तापलं की जीव त्या शेवाळाला बाहेर टाकतो. मग मांस काचेसारखं होतं आणि आतलं हाड दिसतं. "भूखा है. पानी जल्दी ठंडा हुआ तो शायद बचेगा. नहीं तो एक-दो महीने."

दोन दिवस ज्या कोमट पाण्यात आम्ही मजेत डुंबलो, ते हे करत होतं.

पण बाबांकडे पाहून मी जास्त हादरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जित्तं हाय?" ते मराठीतच विचारत होते, तिला काही कळत नसताना. "असं दिसते, आन् जित्तं हाय?"

दुपारी धक्क्याजवळच्या झाडाखाली आम्ही दोघंच बसलो होतो. डाब, म्हणजे शहाळं, पिऊन झालं होतं. बाबा समुद्राकडे बघत बोलायला लागले.

"तू नोकरीत लागाच्या आंधीची गोष्ट हाय. एका गावी गेलतो. पोरगी पडली होती इहिरीत. मोठी होती, लग्नाची. मी पोचलो तं सारे म्हनाले, आता काय घाई नाई, गेली थे. पोलिस येऊ द्या. मंग मी बसलो. चाय पेलो. मंग उतरलो." ते थांबले. "वर आनली तं अंग गरम होतं तिचं."

मी हातातलं रिकामं शहाळं खाली ठेवलं.

"तू नर्स हाय. सांग. जित्ती होती काय थे?"

तीस वर्षं ओल्या कपड्यांनी उभा राहणारा माणूस माझ्याकडे बघत होता. मला खोटं बोलता आलं असतं. रुग्णांच्या नातेवाइकांशी आम्ही गोड बोलतो. पण त्यांनी मला नर्स म्हणून विचारलं होतं.

"सांगता येत नाही बाबा," मी म्हणाले. "असू शकते. नसूही शकते. मेल्यावरही अंग काही वेळ गरम राहतं."

"पन मी पाह्यलं नाई," ते म्हणाले. "लोकायनं सांगतलं, मी आयकलं. पाह्यलं नाई म्या."

मग ते उठले आणि शिउलीच्या केंद्राकडे चालायला लागले. मी मागे धावले. दारात उभे राहून ते तिला म्हणाले, "कल फिर से उधर ले के चलो. मेरे को पास से देखना है."

चौथा दिवस

शिउलीने त्यांना एक भिंग दिलं, पाण्यात चालणारं. त्याच जागी उतरलो. ती त्यांना एका मोठ्या गोल प्रवाळापाशी घेऊन गेली, आमच्या घरच्या रांजणाएवढं असेल. हात मागे बांधून, तरंगत, बाबांनी भिंगातून पाहिलं. मग भिंग माझ्या हाती दिलं.

त्या पांढऱ्यावर तिळाएवढे खळगे होते. बऱ्याच खळग्यांत काही नव्हतं. पण काहींत, केसाहून बारीक, काचेसारखी बोटं होती. आणि ती हलत होती. उघडत होती, मिटत होती. मी तोंडातली नळी घट्ट चावली, नाहीतर ओरडलेच असते.

वर आलो आणि पाठीवरच्या टाक्या उतरवून बोटीत दिल्या. बोट जरा उथळ जागी नांगरली होती. तिकडे प्रवाळ पाण्यापासून हातभर खाली होतं. तिथे पर्यटकांची दुसरी एक बोट आली होती. नारिंगी जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस एका गोल पांढऱ्या प्रवाळावर दोन्ही पाय रोवून उभा होता, गुडघ्यापर्यंत पाण्यात. बोटीतून त्याची बायको फोटो काढत होती.

बाबांनी पाहिलं मात्र. माझ्या बाबांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ते सपासप पोहत गेले, त्या माणसाच्या मागून जाऊन त्याच्या जाकिटाला मानेपाशी धरलं आणि त्याला उचलून पाण्यात ओढलं. बुडणाऱ्याला मागूनच धरतात, त्यांच्या अंगात भिनलेलं होतं ते. तो माणूस हातपाय झाडत ओरडायला लागला, "छोड़! पागल है क्या? कौन है तू?" बायको किंचाळली.

"खाली जीव हाय!" बाबा ओरडत होते. "जित्ता हाय थो! मरेल नाई!"

मी आणि शिउली पोहोचेपर्यंत त्या माणसाने बाबांच्या छातीवर एक ठोसा मारला होता. बाबांनी त्याला सोडलं नाही. शिउली मध्ये पडून हिंदीत समजावू लागली, तो आणखीच भडकला. "पत्थर पे खड़ा था मैं! पत्थर!"

तेव्हा बाबांनी स्वतःचा चष्मा काढला. एका हाताने जाकीट धरूनच, दुसऱ्या हाताने तो त्या माणसापुढे धरला. आवाज एकदम खाली आला. "साहब, मैं भी पत्थर बोला था कल. हड्डी बोला था. एक बार देख लो. फिर मारो मेरे को."

तो माणूस बघत राहिला. बाबांच्या खारट पाण्याने लाल झालेल्या डोळ्यांकडे, पांढऱ्या मिशांकडे. काय वाटलं त्याला, कुणास ठाऊक. त्याने चष्मा घातला, त्याला अडकवलेली वरची हवा घ्यायची नळी तोंडात धरली. बाबांनी माझ्याकडून भिंग घेऊन त्याच्या हाती दिलं आणि त्याचं जाकीट वरून धरून ठेवलं. त्याने तोंड पाण्यात घातलं.

फार वेळ तो वर आला नाही. नळीतून श्वासाचा आवाज तेवढा येत होता. बायको बोटीतून हाका मारत होती, "क्या हुआ? अजी, क्या है?"

त्याने डोकं वर काढलं. रागाने लाल झालेला चेहरा उतरला होता. "ये तो..." एवढंच म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तू भी आ." ती बिचारी घाबरत शिडीवरून उतरली. तिनेही पाहिलं. परतताना तो माणूस आपल्या बोटीत सगळ्यांना पाय वर घ्यायला सांगत होता. बाबांची माफी मात्र त्याने मागितली नाही, आणि बाबांच्या छातीवरचा काळानिळा डाग पुढे आठ दिवस राहिला.

समुद्रपूर

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न त्या डागाचा केला. बाबा म्हणाले, "समुद्रानं मारलं." आईने माझ्याकडे पाहिलं, मी डबे घासायला घेतले.

नंतर आम्ही त्यावर फारसं बोललो नाही. मला सांगता येणार नाही की बाबा बदलले. जूनमध्ये ठाण्यातून फोन आला तेव्हा ते नेहमीसारखे गेले. पण ठाणेदारांनी मला नंतर सांगितलं, तुमचे वडील हल्ली कुणाचं ऐकत नाहीत, पोहोचल्या पोहोचल्या उडी टाकतात, दोर बांधायलाही थांबत नाहीत. मी घरी येऊन बाबांवर ओरडले. दोर बांधायचं त्यांनी कबूल केलं. थांबायचं मात्र नाही.

आणि परवा शिउलीच्या आवाजातला निरोप मोबाइलवर आला. तिकडे महिनाभर पाऊस आहे, पाणी गार झालंय. ती उतरून आली. फांद्यांचं सगळं रान मेलं, त्यावर हिरवी शेवाळी घाण चढली. ते सांगताना ती थांबत थांबत बोलत होती. पण मोठी गोल प्रवाळं होती, त्यांतल्या काहींवर थोडा रंग दिसतोय. बदामी.

बाबा अंगणात बसले होते. मी त्यांना ते तीनदा ऐकवलं. मधेच पावसाची सर आली, आम्ही आत सरकलो.

"इचार तिले," बाबा म्हणाले. "कोन्या बाजूनं येऊन राह्यला रंग?"

मी विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. "नीचे से, काकू. जिधर छांव रहती है, उधर से."

बाबांनी मान हलवली. "बुडातून फुटलं का मंग वाचते," ते म्हणाले. "टाइम लागते. पन येते."